कॅम्पर उभी असताना: दोन्ही बॅटऱ्यांची तयारी

पुण्यातली कॅम्पर व्हॅन वर्षातला बराच काळ उभीच असते. जूनमध्ये पाऊस लागला की ती सोसायटीच्या कडेला ताडपत्रीखाली जाते. गणपतीत कोकणात न्यायची ठरली तर मध्ये एकदा बाहेर निघते, नाहीतर थेट दसऱ्याला हार घालायलाच. बॅटऱ्या मरतात त्या या उभ्या काळात, प्रवासात ते फक्त उघडकीला येतं. त्यामुळे ही तयारी गाडी उभी करायच्या आठवड्यातच सुरू करायची. निघायच्या आदल्या दिवशी करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

इंजिन सुरू करते ती गाडीची बॅटरी. दिवे, पंखे, फ्रिज आणि पाण्याचा पंप चालवते ती घराची. यादीतलं पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे कुठला चार्ज कुठल्या बॅटरीपर्यंत पोचतो ते स्वतः मोजून पाहणं. चार्ज तीन वाटांनी येतो: भिंतीतला प्लग, छतावरचं सोलर आणि इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर. वायर लावून ठेवली की दोन्ही बॅटऱ्या भरत असतील, असं बहुतेक मालक धरून चालतात. प्रत्यक्षात अनेक गाड्यांमध्ये प्लगचा चार्जर आणि सोलर फक्त घराच्या बॅटरीला जोडलेले असतात. मग चार महिने प्लग लावलेला असूनही दसऱ्याला चावी फिरवल्यावर नुसती टिकटिक ऐकू येते, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला जातो.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो, तापकीर गल्लीत तो काही शे रुपयांत मिळतो. सूर्य मावळल्यावर, इंजिन बंद आणि प्लग काढलेला असताना दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. मग प्लग लावा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ज्या बॅटरीचा आकडा स्पष्ट वर चढला (लेड-अॅसिड असेल तर १३ च्या वर) तिला चार्ज मिळतोय; जी आधीच्याच आकड्यावर बसून आहे तिला मिळत नाही. प्लग काढून, थोडा वेळ थांबून, इंजिन चालू करून तेच करा. गाडीची बॅटरी साधारण १३.८ ते १४.४ दाखवेल, घराची चढते का ते पाहा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, प्लग आणि इंजिन दोन्ही बंद ठेवून, सोलरचं पाहा. तीन वाटा, दोन बॅटऱ्या, सहा उत्तरं. ती कागदावर लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढची सगळी कामं या कागदावरून ठरतात.

विश्रांतीतला व्होल्टेज वाचायची सवयही याच वेळी लावून घ्यावी. चार्ज बंद होऊन काही तास गेल्यावर, काहीही चालू नसताना, लेड-अॅसिड बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी आणि ११.९ च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी. चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फसवा चढा येतो. निम्म्या चार्जवर आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या लेड-अॅसिडच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर जमतो आणि तो नंतरच्या चार्जिंगने पूर्ण विरघळत नाही. क्षमता कायमची जाते ती अशी. लिथियम आयर्न फॉस्फेटला हे आकडे लावू नका. ती बराच काळ १३.२-१३.३ च्या आसपासच राहते, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून ती किती भरली आहे ते कळत नाही. तिला आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा, शंटवाला मॉनिटर लागतो.

आता गळती. हे काम लोक टाळतात, म्हणून इथे जरा थांबतो. गाडी बंद असतानाही थोडा करंट जातच असतो: इमोबिलायझर, सेंट्रल लॉक, स्टिरिओची मेमरी, आणि गाडी व्यावसायिक पासिंगची असेल तर बहुधा जीपीएस ट्रॅकरसुद्धा. हा करंट ५० मिलिअँपिअर धरला, जो निकोप गाडीतही असू शकतो, तर दिवसाला १.२ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे तासभर एक अँपिअर करंट = १ एएच) होतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तो जवळपास १४५ एएच होतो, म्हणजे १०० एएचची बॅटरी संपून वर कमीच पडते. बॅटरीत काही बिघाड नसताना, कुणी काही चालू ठेवलेलं नसताना हे घडतं. त्यात बॅटरी आपली आपण उतरते ती वेगळी. लेड-अॅसिडची ही उतरण महिन्याला काही टक्के असते आणि उष्णतेत वाढते.

गळती मोजायला गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावून ती वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना चावी अजिबात फिरवायची नाही, फ्यूज तर जाईलच, मीटरही जाऊ शकतो. नव्या गाड्यांचे कंट्रोलर झोपायला वेळ घेतात, म्हणून दारं बंद करून अर्धा तास थांबल्यावर येणारा आकडाच खरा. तो ५० मिलिअँपिअरच्या बराच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या सर्किटवर खाणारं यंत्र आहे. नंतर बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा यांच्यावर माझा पहिला संशय असतो, कारण ते बहुधा चावीशी न जोडता थेट बॅटरीवरून घेतलेले असतात.

घराच्या बाजूला गळती आणखी मोठी असते. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही चालत नसलं, तरी तो पाऊण-एक अँपिअर सहज खातो. एक अँपिअर म्हणजे दिवसाला २४ एएच. १०० एएचची बॅटरी चार-पाच दिवसांत तळाला जाते. त्यामुळे गाडी उभी करताना इन्व्हर्टर त्याच्या मुख्य बटनानेच बंद करायचा, रिमोटवर भरवसा ठेवायचा नाही. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवून बंद करायचा. गॅसचा अलार्म मात्र सिलिंडर काढून बाहेर ठेवल्याशिवाय बंद करू नये. सिलिंडर एकदा बाहेर गेला की अलार्म चालू ठेवायचं कारण उरत नाही.

गळती कळली की गाडीच्या बॅटरीसाठी दोन मार्ग असतात. निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवून तो बंद करायचा, किंवा तिला स्वतःचा छोटा मेंटेनर चार्जर द्यायचा. नाना पेठेत कट-ऑफ स्विच सहज मिळतो. ट्रॅकर असलेल्या गाडीत मात्र कट-ऑफ करण्याआधी त्याच्या सेवेबद्दल विचारून घ्यावं. मला स्वतःला आणखी एक उपाय आवडतो. घराच्या बॅटरीचा व्होल्टेज १३ च्या वर गेला की थोडा चार्ज गाडीच्या बॅटरीकडे वळवणारं एक लहानसं यंत्र मिळतं. ते बसवलं की प्लग आणि सोलर दोन्ही आपोआप दोघींना पुरतात.

दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याची पद्धत सोडून द्या. आयडलवर अल्टरनेटर पूर्ण करंट देत नाही, डिझेल इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि वरच्या मजल्यावरचे लोक धूर खातात. इंजिनच चालवायचं असेल तर गाडी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणा. तेवढ्यानेही लेड-अॅसिड पूर्ण भरत नाही. शेवटचे वीस टक्के हळूहळूच आत जातात, त्याला काही तास लागतात. ते काम रात्रभर लावलेल्या प्लगचं आहे.

प्लगसाठी सोसायटीची परवानगी आधीच, लेखी घ्या. कमिटीला वाटतं की गाडी म्हणजे भरमसाट वीज. ३० अँपिअरचा चार्जर पूर्ण जोरात असतानाही सुमारे ५०० वॅट घेतो, साधारण इस्त्रीपेक्षा कमी, आणि बॅटरी भरत आली की तोही उतरत जातो. सबमीटर लावून द्यायची तयारी दाखवली की बहुतेक प्रश्न मिटतो. वायर तीन कोअरची, २.५ स्क्वेअर मिमीची, बाहेर वापरायच्या जाड आवरणाची घ्या. ती गुंडाळीतून पूर्ण उलगडून वापरा, आणि जोड जमिनीवर पडू देऊ नका, कारण पुण्याच्या पावसात पार्किंगमधून पाणी वाहतं. पॉइंटला अर्थिंग खरोखर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा. पत्र्याच्या गाडीत २३० व्होल्ट नेताना यात काटकसर करायची नाही. चार्जर कुठल्या जातीच्या बॅटरीवर सेट आहे तेही बघा. अनेक कॅम्परमध्ये घरगुती इन्व्हर्टर बसवलेला असतो आणि तो ट्युब्युलर बॅटरीच्या (पाणी घालायच्या लेड-अॅसिडच्या) सेटिंगवर असतो. एजीएम (सीलबंद लेड-अॅसिड) किंवा लिथियमला ते सेटिंग चालत नाही. भरल्यानंतर १३.५ ते १३.८ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवणाऱ्या कमी व्होल्टेजवर, येणारा चार्जर लेड-अॅसिडवर कायम लावून ठेवता येतो. खाली न उतरणारा चार्जर पाणी उडवत राहतो.

ताडपत्री टाकली की सोलर शून्य झालं, एवढी साधी गोष्ट विसरली जाते. छतावर पॅनेल असेल तर पॅनेलचा भाग उघडा राहील असं कव्हर शिवून घ्या. गाडी गुलमोहराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली लावत असाल तर एका फांदीची सावलीही उत्पादन खूप खाली आणते, कारण पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. आपल्याकडे मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे छतावरच्या सपाट पॅनेलला तो सरळ मिळतो. पण जुलैत ढगांमुळे त्याचा उपयोग होत नाही. डिसेंबरात आकाश स्वच्छ असतं, तेव्हा दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो आणि सपाट पॅनेलला दुपारीही पाऊण हिस्साच मिळतो. त्यात बांधकामांची धूळ. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला पॅनेल साध्या पाण्याने, सकाळी थंड असताना धुवावं. चार महिने ढगांखाली उभ्या गाडीचा भार मी एकट्या सोलरवर टाकणार नाही.

पाण्याची बॅटरी असेल तर चार्ज झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा. चार्जच्या आधी फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच, त्या बुडतील एवढं. आरओचं, उकळलेलं किंवा एसीतून ठिबकलेलं पाणी नको, आणि अॅसिड तर कधीच घालायचं नाही. टर्मिनलवरची पांढरी-निळसर बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, वर व्हॅसलिन लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना पॉझिटिव्ह आधी. ट्युब्युलर बॅटरी सीटखाली बंद खोक्यात असेल तर तिच्या हवेची नळी गाडीबाहेर निघते का ते पाहा, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही याच फेरीत बघायचं.

लिथियम १०० टक्के भरून ठेवू नका. निम्म्याच्या आसपास ठेवून सगळे भार तोडा. बऱ्याच उत्पादकांची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते आणि एप्रिलमध्ये उन्हात बंद उभ्या व्हॅनचा आतला भाग त्याच्या पुढे जातो. स्पिती-लडाखला निघणाऱ्यांनी दुसरं टोक लक्षात ठेवावं: शून्याखाली चार्ज करायचा नाही.

मोजण्याचा दिवस लक्षात राहावा म्हणून संकष्टी धरा. ती दर महिन्याला येते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक छापलेली असते. दोन आकडे, तारीख, वहीत नोंद. लेड-अॅसिड १२.४ च्या खाली दिसली तर त्याच रात्री प्लग.

निघायच्या आधीच्या आठवड्यात अल्टरनेटरची वाट पुन्हा तपासा. काही बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो आणि सरळ रस्त्यावर तो मुद्दाम खाली आणतो. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा जुन्या पद्धतीचा रिले अशा गाडीत घराची बॅटरी अर्धवटच भरतो. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे गाडीकडून येणारा व्होल्टेज घराच्या बॅटरीला हवा तसा करून देणारा चार्जर, हवाच. लिथियम असेल तर कुठल्याही गाडीत हवा, नाहीतर ती एवढा करंट ओढते की आयडलवर अल्टरनेटर तापून जळू शकतो. वाकड-हिंजवडीच्या कोंडीत गेलेले दोन तास चार्जिंगचे म्हणून धरू नका. एसी, हेडलाइट आणि वायपर चालू असताना घरासाठी फार थोडं उरतं.

बसच्या चेसिसवर बांधलेली मोठी मोटरहोम असेल तर तिची गाडीची बाजू बहुधा २४ व्होल्टची असते, १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून दिवे-स्टिरिओ चालवायची जुनी युक्ती करू नका. एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जास्त भरते आणि दोन्ही लवकर जातात. कन्व्हर्टर बसवा. आणि अशा गाडीत घराची १२ ची बॅटरी स्टार्टिंगला थेट कधीही जोडायची नाही.

१२ व्होल्टच्या गाडीत घराच्या बॅटरीवरून इंजिन सुरू करायचा आणीबाणीचा स्विच असेल तर तो घरीच चालवून बघा. घराची बॅटरी लिथियम असेल तर स्टार्टरच्या झटक्याने तिचा बीएमएस (बॅटरीचं संरक्षण करणारं आतलं सर्किट) ट्रिप होऊ शकतो. बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच दोन्ही जोडा, दहा-पंधरा मिनिटं गाडीच्या बॅटरीला थोडं भरू द्या आणि मग चावी फिरवा. जंपर केबल सोबत असू द्याच. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्याच्या निगेटिव्हला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.