खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी: खर्च पाण्यावर करा, काचेवर नाही

विदर्भातल्या गावात खाऱ्या पाण्याची टाकी लावायची तर काच जुनी चालेल, पाणी मात्र चांगलंच हवं. बोअरचं पाणी वापरूच नका. त्यातले क्षार आणि शेतातून झिरपलेलं नायट्रेट शेवाळाला आयतं खाद्य होतं. गावातल्या आरओ प्लांटचे कॅन घ्या, पण आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवून पाहा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. घरातलं मीठ चालत नाही, मत्स्यपेटीसाठी खास मिळणारं समुद्री मीठच लागतं: लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. बादलीत पूर्ण विरघळवा, हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजायचं साधन) सापेक्ष घनता १.०२५ आली की मगच टाकीत ओता.

खरी परीक्षा मे महिन्यात. माशांना २५-२६ अंश मानवतं आणि बाहेर पारा ४५ वर! महागडा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेण्याआधी टाकी कूलरच्या खोलीत ठेवा, झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा. आपल्या कोरड्या हवेत पाणी काही अंशांनी सहज उतरतं. मात्र वाफ होते ती पाण्याची, मीठ खालीच राहतं. म्हणून काचेवर पातळीची खूण करा आणि रोज तिथपर्यंत फक्त गोडं आरओ पाणी भरा. इथे मिठाचं पाणी ओतलं तर खारटपणा वाढत जातो आणि मासे दगावतात.

लाइट जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हवाच. मासे मात्र लगेच सोडू नका. नव्या टाकीत माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात.