नवे डोमेन आपोआप चालू होण्यासाठी नेमसर्व्हरची मांडणी

प्रत्येक नव्या डोमेनसाठी दुय्यम नेमसर्व्हरवर (डोमेनचे पत्ते सांगणाऱ्या मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) हाताने नोंद करावी लागत असेल, तर कधी ना कधी एखादी नोंद राहून जातेच, आणि ते डोमेन एका सर्व्हरवर उघडते, दुसऱ्यावर नाही. बाइंड या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरच्या ९.११ आवृत्तीपासून मिळणारा कॅटलॉग झोन, म्हणजे डोमेनची यादी ठेवणारा झोन (नेमसर्व्हरवरील नोंदींचा संच), हा यावरचा खरा उपाय आहे. २०२३ साली आरएफसी ९४३२ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाने त्याला प्रमाणरूपही मिळाले.

मुख्य सर्व्हरवर एक वेगळा झोन तयार करून त्यात एसओए (झोनची मूळ माहिती व अनुक्रमांक) आणि एनएस (नेमसर्व्हरचे नाव) नोंदी ठेवाव्यात आणि आवृत्ती दाखवणाऱ्या टीएक्सटी (मजकूर) नोंदीत २ हा आकडा लिहावा. दुय्यम सर्व्हरवर हाच झोन दुय्यम म्हणून जोडून, त्याच्या ऑप्शन्स विभागात तो कॅटलॉग असल्याचे व मुख्य सर्व्हरचा आयपी पत्ता कोणता हे एकदाच सांगावे. यापुढे नवे डोमेन मुख्य सर्व्हरवर घेतले, की कॅटलॉगमध्ये त्याच्या नावाकडे बोट दाखवणारी एक पीटीआर नोंद टाकणे एवढेच काम उरते.

मात्र एसओएमधील अनुक्रमांक वाढवायला विसरू नये. २०२५०३१४०१ चे २०२५०३१४०२ केले नाही, तर दुय्यम सर्व्हरला बदल झाल्याचे कळतच नाही आणि आपण उगाच फायरवॉल तपासत बसतो.

कॅटलॉगमध्ये सर्व ग्राहकांच्या डोमेनची यादी असते, म्हणून झोन ट्रान्सफर (झोनची प्रत दुसऱ्या सर्व्हरला देणे) टीसिग किल्लीनेच, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्लीनेच, खुले ठेवावे. शेवटी नेमसर्व्हरला प्रश्न विचारणाऱ्या डिग आज्ञेने दोन्ही सर्व्हरना स्वतंत्रपणे विचारून अनुक्रमांक जुळतात का ते पाहावे.