एसीत गॅस भरण्याआधी पंखा तपासा

गाडी पळत असताना एसी छान गार असतो आणि सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की झळ यायला लागते, अशी तक्रार असेल तर गॅस भरायला धावू नका. पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्या. चालत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणारी रेडिएटरसमोरची जाळी, थंड ठेवतो. गाडी उभी राहिली की ते काम पंख्याचं. तो फिरला नाही तर गॅसचा दाब चढत जातो आणि प्रेशर स्विच गॅस दाबणारा कंप्रेसर बंद करून टाकतो. मग व्हेंटमधून नुसती गरम हवा, आणि गर्दीत इंजिनच्या तापमानाचा काटाही वर.

तपासणी करायची ती इंजिन पूर्ण गार असताना. गाडी सपाट जागी, सावलीत लावा, हँडब्रेक ओढा आणि निदान तासभर हात लावू नका. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. आतलं कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि ते क्षणात उकळून तोंडावर उडतं. दुसरी गोष्ट, बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. म्हणून पात्यांजवळ हात नेण्याआधी चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, ओढणी आणि सैल बाह्या आवरा.

सामान फार लागत नाही. मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, टॉर्च, हातमोजे, पंख्याच्या फ्यूजइतक्याच अँपिअरचे एकदोन जादा फ्यूज आणि क्लिपा लावलेल्या दोन जाड वायरी, पैकी एकीत 30 अँपिअरचा फ्यूज बसवलेला. पंखा भरपूर करंट ओढतो, बारीक वायर तापून वितळेल. मॅन्युअलमधल्या फ्यूजबॉक्सच्या आकृतीचा फोटो आधीच फोनमध्ये घेऊन ठेवा. गाडीत आधीपासून आहे त्याच प्रकारचं कूलंटही जवळ असू द्या. दोन वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ करायची नाही.

सुरुवात बॅटरीपासून. बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट आणि चालू इंजिनवर 14 च्या आसपास दिसायला हवेत. कूलंटची पातळी टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे ना, ते बघा. मग बॅटरीची वायर काढून पातं बोटाने फिरवा. मोकळं फिरायला हवं. अडखळलं किंवा घरघरलं तर मोटरचं बेअरिंग गेलेलं असू शकतं.

वायर परत जोडून इंजिन सुरू करा, एसी लावा आणि बाजूला उभे राहून कान द्या. बहुतेक गाड्यांत कंप्रेसर लागल्याची टक् ऐकू येते आणि थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. नाही फिरला तर इंजिन बंद करून आधी फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे पंख्याला करंट देणारा फ्यूजबॉक्समधला छोटा स्विच. हॉर्नचा रिले अगदी तसाच असेल तर अदलाबदल करून पाहणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी. रिले काढल्यावर त्याच्या पायांकडे नीट बघा: तपकिरी पडलेला पाय किंवा सॉकेटचं वितळलेलं प्लास्टिक खूप काही सांगून जातं. नुसता रिले बदलून भागत नाही, सैल सॉकेट नवा रिलेही जाळतं.

आता पंख्याचा कनेक्टर काढून मोटरला बॅटरीतून थेट करंट द्या. एकीकडे फ्यूजची वायर, दुसरीकडे अर्थची (निगेटिव्ह) वायर. फिरला तर मोटर ठीक, दोष वायरिंग, रिले किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरला तर मोटरच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. तेवढ्याने धावायला लागली तर ब्रश झिजलेत, बदलीची वेळ झाली. दोन वेग असलेल्या पंख्याचा फक्त मोठाच वेग चालत असेल, तर रेझिस्टर तपासा. पंखा धडधाकट निघाला तर कंडेन्सरच्या जाळीत चिकटलेली धूळ नि किडे साध्या पाण्याच्या धारेने काढा. प्रेशर वॉशर जवळून नको, पातळ पत्री वाकते.

एवढं करूनही हवा गार नसेल, तरच गॅसचा विचार. पाइपांच्या सांध्यांवर तेलकट, धूळ धरलेला डाग असेल तर तिथून गळती असण्याची शक्यता आहे. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही बाहेर येतं. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जातो, आणि आर-134ए (बऱ्याच गाड्यांच्या एसीतला गॅस) हवेत सोडणं पर्यावरणालाही घातक. हे काम मशीन असलेल्या मेकॅनिककडेच द्या, म्हणजे तो जुना गॅस काढून, वजन करून भरेल. जाताना व्होल्टेजचे आकडे, रिलेचा फोटो आणि पंखा थेट वायरीवर फिरला की नाही, हे लिहून न्या.