चार जणांचं तिकीट मंडळ चालू ठेवायचं तर

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचं मंडळ काढणं सोपं. पहिल्या बैठकीला खोली भरते, कारण निम्मे लोक आजोबांचा अल्बम काखेत मारून ‘याचे किती येतील?’ विचारायला आलेले असतात. तिसऱ्या बैठकीला उरतात आपण, एखादा मित्र आणि वाचनालयाची किल्ली सांभाळणारा शिपाई. रत्नागिरीतलं आमचं मंडळ बरीच वर्षं जवळजवळ याच अवस्थेत आहे, आणि मजेत आहे. माणसं वाढवायच्या मागे लागू नका. आहेत त्यांच्या हाताला काम द्या.

आधी वार ठरवा आणि तो हलवू नका. आमचा महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी दहा. ‘या वेळी कोणाकोणाला जमेल?’ असं विचारलंत की संपलं. जो तो दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत बसतो. दोघं आले तरी बैठक झाली, वहीत नोंद करायची. गणपतीत मात्र कोकणात कोणी फिरकणार नाही, तेव्हा तो महिना सरळ सोडून द्या.

निमंत्रण पोस्टकार्डावर पाठवा. फोनवरून निरोप क्षणात जातो हे मलाही कळतं. पण पन्नास पैशांचं कार्ड दर महिन्याला वेगळ्या सभासदाने वेगळ्या टपाल कार्यालयातून पाठवायचं, तेही पेटीत न टाकता खिडकीशी जाऊन, ‘शिक्का जरा ठळक मारा हो’ असं सांगून. मग निमंत्रणच संग्रहात जातं. आमच्यातले एक निवृत्त एसटी कंडक्टर आडगावांतल्या शाखा टपाल कार्यालयांचे शिक्के जमवतात. त्यांची पाळी असली की कार्ड कुठून येणार याचीच चर्चा. मुंबई-पुण्याला गेलेले, बैठकीचं तोंडही न बघणारे सभासद ही कार्डं जपून ठेवतात, आणि वर्गणी सगळ्यांत आधी त्यांचीच येते.

बैठकीचा विषय बारीक हवा. ‘आपल्याकडचं काही खास आणा’ म्हटलं की कोणी काही आणत नाही. आपलं खास आहे असं स्वतः कोण म्हणणार? त्यापेक्षा सांगा, ‘एक आण्याचा बोधिसत्त्व आणा.’ १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत हे तिकीट निघालं तेव्हा मूर्तीचं चित्र आरशातल्यासारखं उलटं, डाव्याचं उजवं होऊन छापलं गेलं होतं, आणि १९५० मध्ये ते सुलट करून पुन्हा काढलं. तिकीट स्वस्त आहे, जुन्या अल्बमात बऱ्याचदा सापडतं. कोणाच्या तिकिटावर कुठला हात पुढे आहे हे बघायला अगदी घुम्या माणूसही भिंग घेऊन वाकतो. पुढच्या महिन्यात पिनकोड घ्या. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची, जे संस्कृतचेही कवी. आपल्या गावाच्या नावाचे दोन शिक्के, एक पिनकोड नसलेला आणि एक असलेला, प्रत्येकाने घरातल्या जुन्या पत्रांतून शोधून आणायचे. यासाठी संग्राहक असावं लागत नाही, माळा असला की पुरे.

मंडळाचा खरा कणा म्हणजे फिरती वही. बाजारातली साधी छोटी वही घ्या, तिच्यात जास्तीची तिकिटं हिंजने, म्हणजे गोंद लावलेल्या बारीक कागदी पट्टीने, लावा, प्रत्येकाखाली पेन्सिलीने किंमत लिहा. पहिल्या पानावर सभासदांची नावं क्रमाने. ज्याच्याकडे वही येईल त्याने हवी ती तिकिटं काढायची, रिकाम्या चौकटीत सही करायची, आपली काही लावायची आणि आठवड्याच्या आत पुढे पाठवायची. गावाबाहेरच्यांना स्पीड पोस्टाने. सही टाळणाऱ्याला एकदा समज द्या, दुसऱ्यांदा नाव क्रमातून काढा. इथे भीड धरली तर वही परत येत नाही. चार तोंडं गप्प असली तरी वही बोलत राहते. पावसाळ्यात फक्त वापरलेली तिकिटं फिरवा. आमच्या हवेत कोरी तिकिटं गोंदाने पानाला अशी चिकटतात की मग ती पानासकटच जमवावी लागतात.

‘किती येतील’वाल्यांना हाकलू नका, पण आकडा सांगायचाही नाही. १९४८ चं दहा रुपयांचं गांधी तिकीट दाखवायला आणलं तर भिंगाखाली अस्सल आणि नक्कल यांतला छपाईचा फरक कसा बघतात ते दाखवा आणि जाणकाराकडे पाठवा. खरेदी-विक्री बैठकीचं काम संपल्यावर, शेवटच्या अर्ध्या तासात. ती आधी सुरू झाली की मंडळाचं दुकान होतं.

मुलांसाठी भाषणं ठेवू नका, पाणी ठेवा. पाकिटाचा तुकडा तिकिटाभोवती बोटभर जागा ठेवून कापायचा, गार पाण्यात सोडायचा, तिकीट सुटलं की टीपकागदावर पालथं घालायचं. लाल-जांभळी पाकिटं वेगळ्या भांड्यात, रंग जातो. शाळेला टपाल खात्याच्या दीनदयाळ स्पर्श योजनेची माहिती द्या: सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला ६,००० रुपये शिष्यवृत्ती. त्यासाठी शाळेच्या फिलाटेली (म्हणजे तिकीटसंग्रहाच्या) क्लबचं सभासदत्व किंवा मुलाचं स्वतःचं फिलाटेली ठेव खातं, म्हणजे टपाल खात्यात आगाऊ पैसे भरून नवी तिकिटं मागवायचं खातं, लागतं. मुख्याध्यापकांचे कान इथे टवकारतात.

वर्षातून एक काम सगळ्यांनी मिळून करा. प्रदर्शनात एक फ्रेम म्हणजे ए-फोर आकाराची १६ पानं. चौघांनी चार-चार केली की झाली. नऊ ऑक्टोबरला, जागतिक टपाल दिनी, पोस्टमास्तरांनी परवानगी दिली तर ती टपाल कार्यालयातच लावा. मनीऑर्डरच्या रांगेतला एखादा माणूस थांबून बघतो, तेवढं पुष्कळ.

किल्ली आणि हिशेबाची वही दोन वेगळ्या घरांत ठेवा. सगळं एकाच्या अंगावर पडलं की त्याच्या मुलीचं लग्न निघेपर्यंतच मंडळ टिकतं.

आणि एक गोष्ट, जी बोलायला सगळे टाळतात. आम्ही सगळे पिकली पानं. माणूस गेला की संग्रह रद्दीत जातो, कारण घरच्यांना कोणाला विचारायचं तेच ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक सभासदाने अल्बमाच्या पहिल्या पानात चिठ्ठी ठेवायची: मंडळातल्या दोघांचे फोन नंबर, संग्रहात जपलेल्या पाकिटांवरची तिकिटं कापू नयेत ही सूचना, आणि कुठला अल्बम कोणाला द्यायचा ते. किंमत तेवढी लिहू नका. भावाभावांत लागतं.