कॅबिनेट उघडण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या फोटोवाल्यांना जेवायलाही फुरसत नसते, म्हणून स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरचा वेग वाढवायचं काम त्याआधीच उरकायचं. मला पितृपंधरवडा बरा वाटतो. ऑर्डरी नसतात, कोल्हापुरात राजारामपुरीतली कॉम्प्युटरची दुकानंही निवांत असतात. घरात पंधरवड्यात नवी वस्तू चालत नसेल, तर सामान गणपतीतच आणून ठेवा आणि बसवा नंतर.

पहिल्या कामाला पैसे लागत नाहीत. मशीन नेमकं कुठं अडतंय ते बघायचं. लाईटरूम, म्हणजे आपला फोटो सुधारायचा प्रोग्रॅम, सुरू केल्यापासून पहिला फोटो नीट दिसेपर्यंत किती वेळ गेला, तो मोबाईलवर मोजा. मग एखाद्या लग्नाचे वीस रॉ (कॅमेऱ्यातले कच्चे) फोटो एक्स्पोर्टला टाका, तोही वेळ मोजा, आणि दोन्ही वेळेला विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा ठेवा, कुठल्या भागावर किती भार आहे ते तो दाखवतो. डिस्क शंभर टक्क्यांना चिकटलीय आणि प्रोसेसर डुलक्या घेतोय, तर दुखणं हार्ड डिस्कचं. मेमरी नव्वदच्या वर जात असेल तर रॅम कमी पडतेय. प्रोसेसरच शंभरवर असेल, तर रॅम कितीही घाला, एक्स्पोर्ट तेवढाच वेळ खाणार. हे आकडे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. नंतर ‘फास्ट झाल्यासारखं वाटतंय’ असं म्हणायची वेळ येऊ नये.

आता आत काय आहे ते. सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम मदरबोर्डचं मॉडेल, रॅमचा प्रकार, सगळं सांगतो. त्या स्क्रीनचा फोटो काढून दुकानात न्यायचा, ‘भावा, जरा जुना आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर भागत नाही. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि एच-81 मदरबोर्ड असेल, तर रॅम डीडीआर-3 लागणार, स्लॉट दोनच आणि कमाल 16 जीबी. डीडीआर-4 ची कांडी त्यात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. विंडोज 32 बिटचं असेल तर 4 जीबीच्या वरची रॅम वायाच, आधी ते बदला. आणि खरेदीचा माझा हिशोब असा, की पुढच्या मशीनमध्ये जाईल त्यावरच मोठा खर्च. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागची वेगवान डिस्क) जाईल, डीडीआर-3 जाणार नाही. म्हणून रॅम जुनी, तपासून घेतलेली चालेल, एसएसडी मात्र नवीच. या पिढीला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेव्हा हे मशीन अजून किती वर्षं ओढायचं ते आधी ठरवा.

एसएसडी अडीच इंची साटा, म्हणजे हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची, घ्यायची. खोक्यात बहुतेक वेळा केबल नसते, ती आणि बसवायची पट्टी वेगळी मागून घ्या. एच-81 वर चार साटा पोर्टपैकी दोनच वेगवान असतात. एसएसडी त्यातल्या एकाला लावायची, नाहीतर निम्मा वेग तिथंच जातो. त्यावर विंडोज, प्रोग्रॅम, लाईटरूमचा कॅटलॉग, प्रीव्ह्यू आणि कॅशे. रॉ फोटो खुशाल जुन्या हार्ड डिस्कवर राहू देत.

ग्राफिक कार्डाच्या नादाला लगेच लागू नका. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर वाढीव आयएसओला काढलेले फोटो एआयने साफ करायचे असतील, तर कार्डाचा उपयोग दिसतो. नेहमीच्या रंग-उजेडाच्या कामाला तेवढा नाही. घ्यायचंच असेल तर आधी एसएमपीएसवरचं (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) लेबल वाचा आणि कॅबिनेटमधली जागा टेपने मोजा.

बॅकअपला एक अख्खा दिवस द्या. फोटो तर आहेतच, पण विसरतात त्या बारीक गोष्टी: फोटोशॉपच्या अॅक्शन, ब्रश, लाईटरूमचे प्रीसेट, अल्बमच्या पीएसडी, मॉनिटरचं कलर प्रोफाइल, आणि पत्रिकांचे मराठी फॉन्ट. श्रीलिपीचा (मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम) डोंगल, म्हणजे तो चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली, कुठल्या खणात आहे तेही आजच बघून ठेवा. एक कॉपी स्टुडिओबाहेर हवीच. 2019 ला शाहूपुरीत, दुधाळीत पाणी शिरलं तेव्हा कॅबिनेट आणि शेजारचीच बॅकअप डिस्क असं दोन्ही भिजलेले लोक मी बघितलेत.

क्लोन करणार असाल, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवणार असाल, तर दोन्ही डिस्कवर मार्करने ‘जुनी’, ‘नवी’ लिहा, आणि स्क्रीनवर मॉडेल नंबर वाचल्याशिवाय बटण दाबू नका. माझ्याकडं दोन्ही 1 टीबीच्या होत्या. रात्री अकरा वाजता, घाईत, मी रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर क्लोन केली. बॅकअप होता म्हणून वाचलो, तरी चार दिवसांचं रिटचिंग पुन्हा करावं लागलं.

कॅबिनेट उघडायच्या आधी वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून ठेवा, आणि उघडल्यावर आधी आतल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. केबली सोडण्यापूर्वी दोन फोटो. मऊ ब्रश आणि ब्लोअर घरचाच चालतो, फक्त हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. माझ्या प्रोसेसरच्या पंख्याखाली चक्क गुलाबी नमदा निघाला. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरून येऊन गुलालाची बॅग तशीच टेबलाखाली टाकायची, त्याचं हे फळ. तो काढला, थर्मल पेस्ट नवी लावली आणि एक्स्पोर्ट करताना पंख्याचा येणारा विमानासारखा आवाज बंद झाला. पेस्टची छोटी ट्यूब आणि सीआर-2032 सेल यादीत घालाच. सेल उतरला की दर वेळी तारीख चुकते आणि मग फोटोंच्या फाइली भलत्याच वर्षात जाऊन बसतात.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुन्या डिस्कची केबल काढलेली ठेवा. मशीन नुसत्या एसएसडीवर उठलं की मगच ती जोडा, आणि मॉनिटरवरच्या चिठ्ठीतले तेच वीस फोटो पुन्हा एक्स्पोर्टला टाका. जुन्या डिस्कवरचं विंडोज महिनाभर तरी पुसू नका.