गॅसचं तापमान उणे ४५ आलं राव, माझा अनुभव

नागपुरात मे महिना, रूमवर कूलर नुसती गरम हवा फेकतोय आणि माझी एक्सेल शीट म्हणते सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड २२८ केल्विन, म्हणजे उणे ४५ डिग्री! गणित साधं होतं, १ मोल गॅस, अर्धा लिटर जागा, ४० बार प्रेशर, तापमान काढा. आयडियल गॅसच्या साध्या नियमाने (PV = RT) २४०.५ येतं, म्हणून व्हॅन डर वाल्स, म्हणजे खऱ्या गॅससाठीचं सुधारित समीकरण, लावलं तर अजूनच खाली गेलं ना बे. तासभर फॉर्म्युलाच तपासत बसलो, तो बरोबरच होता, T = (P + a/V²)(V − b)/R. यात P प्रेशर, V जागा, R गॅसचा स्थिरांक, a म्हणजे रेणूंमधली ओढ आणि b म्हणजे रेणूंनी अडवलेली जागा.

गडबड a मध्ये होती. पुस्तकात ०.३६४ दिलाय तो पास्कल आणि घनमीटरमधला, बार-लिटरमध्ये तो ३.६४ होतो, दहापट, आणि मी शहाण्यासारखा b तेवढा बदलून ०.०४२७ केला, a तसाच. दुरुस्त केल्यावर ३०० केल्विन, २७ डिग्री. हुश्श.

रेडलिच-क्वाँग या खऱ्या गॅसच्याच दुसऱ्या समीकरणात मात्र T वर्गमुळात अडकतो, थेट निघत नाही, मग हाच ३०० सुरुवातीचा अंदाज म्हणून टाकून एक्सेलचं गोल सीक (उत्तर जुळेपर्यंत आकडा बदलत जाणारं टूल) चालवलं, ३०५ आलं. मग तर्री पोहे खायला गेलो.