बोटीत बसायच्या आधी तिथी बघा

ऐरोलीला फ्लेमिंगो बघायचे असोत, एलिफंटा असो की कुणाच्या तरी मित्राची स्पीडबोट, प्लॅन ठरवताना आधी कालनिर्णय काढा. मस्करी नाही करत. कोळी लोकांचा साधा हिशोब आहे, तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज झाला, पक्की वेळ तक्त्यात बघाच, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा पाणी जोरात चढतं आणि तितकंच जोरात उतरतं.

आम्ही एकदा हे न बघता खाडीत गेलो, येताना बोट गाळात रुतली, भाऊ ढकलायला म्हणून उतरला तो मांडीपर्यंत आत, त्याला वर ओढताना बोट कलंडायची वेळ आली. दोन तास उन्हात बसलो मग. रुतलात तर गाळात उतरायचं नाही, पाणी चढेपर्यंत बसून राहायचं, बस.

लाइफ जॅकेट जेट्टीवरच घाला. "लागलं तर घालू" वाल्यांना सांगा, १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, बऱ्याच जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं, शोधायला वेळ कुठला मिळतो. सगळे पट्टे आवळा, मग खांद्याला धरून वर ओढून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे. पोरांना मोठ्यांचं जॅकेट अजिबात नको, पाण्यात पडलं की पोरगं त्यातून खालून निसटतं.

पक्षी दिसला की सगळे एकाच बाजूला मोबाइल घेऊन धावतात ना, होडी उलटायचं ते मोठं कारण. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, ओरडला तर ऐका. आणि बोट जास्त भरलेली वाटली तर सरळ उतरा, पैसे गेले तर गेले.

उलटलीच तर किनारा जवळ दिसतोय म्हणून पोहत सुटू नका, बोटीला धरून राहा, एकत्र राहा, शिट्टी वाजवा. कोस्ट गार्डचा नंबर १५५४, आत्ताच सेव्ह करा, फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये गळ्यात. घरी कुणाला तरी कुठून निघालो, कधी परतणार ते कळवून ठेवा.

दारू परत आल्यावर. ओकारी होत असेल तर मधल्या भागात बसा आणि लांब क्षितिजाकडे बघा, फोनमध्ये डोकं घातलंत की झालंच.